ऑनबोर्डिंग म्हणजे काय रे भाऊ?



सध्या आपल्या हॉस्टेलवर सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता, असा सर्व्हे घेतला तर पहिला नंबर 'सबमिशन'चा येईल यात शंका नाही. दुसऱ्या नंबरसाठी 'मेस' आणि 'केटी' यांच्यात कायमची मारामारी असते. पण यंदा त्यात एक नवा भिडू उतरलाय. तो म्हणजे 'ऑनबोर्डिंग'.

फायनल इयरच्या ताया जेवताना एकमेकींना विचारतात, "तुझं ऑनबोर्डिंग आलं का गं?" उत्तर येतं, "नाही अजून. ऑफर आलीय, ऑनबोर्डिंग पेंडिंग आहे." टेक-फेस्टच्या कमिटीचा मेसेज येतो, "नवीन मेंबर्सचं ऑनबोर्डिंग शनिवारी पाच वाजता." बँकेच्या अ‍ॅपमध्ये आधार, पॅन आणि एक सेल्फी दिला की बँक आपल्याला 'ऑनबोर्ड' करून टाकते. रात्री साडेनऊला गेटवर पार्सल घेऊन येणाऱ्या दादांचंसुद्धा ऑनबोर्डिंग झालेलं असतं, म्हणजे त्यांनी लायसन्स, आर.सी. आणि पासबुकाचे फोटो अपलोड केलेले असतात.

शब्द एकच. पण फायनल इयरसाठी तो म्हणजे एक तारीख, कमिटीसाठी एक मीटिंग आणि बँकेसाठी कागदपत्रांचा गठ्ठा! मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे अशा शब्दांचे अर्थ विचारायला विंगमधल्या मुली माझ्याकडे येतात. या शब्दाचा अर्थ मात्र एका ओळीत सांगून भागेना, म्हणून हा लेखप्रपंच.

आधी शब्दाची जन्मकुंडली बघू. इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी. जुन्या इंग्रजीत जहाजाच्या बाजूलाही बोर्डच म्हणत. म्हणून 'ऑन बोर्ड' म्हणजे जहाजावर, आणि 'ओव्हरबोर्ड' म्हणजे जहाजावरून पाण्यात. पुढे रेल्वे आली, विमानं आली आणि शब्द त्यांनाही चिकटला. विमानतळावरचा बोर्डिंग पास तो हाच. मॅनेजमेंटवाल्यांनी त्याचं क्रियापद केलं. नव्या माणसाला आपल्या जहाजावर घ्यायचं, कुठे काय आहे ते दाखवायचं, त्याचं काम त्याला समजेल आणि बाकीचे लोक त्याला आपला मानतील इथपर्यंत त्याला आणून सोडायचं, या सगळ्याला मिळून ऑनबोर्डिंग म्हणतात.

आता इथे एक व्याकरणाची गंमत आहे. इंग्रजीत या क्रियापदाचा कर्ता कोण? कंपनी. कंपनी नव्या माणसाला ऑनबोर्ड करते. म्हणजे काम यजमानाचं आहे, पाहुण्याचं नाही. आपल्याकडे येता येता हा कर्ता कुठेतरी गळून पडला. आपण म्हणतो, "माझं ऑनबोर्डिंग झालं." कुणी केलं? माहीत नाही. पाऊस झाला, पेपर झाला, तसं ऑनबोर्डिंगही झालं.

माझं म्हणणं इतकंच आहे की हा हरवलेला कर्ता शोधायला हवा. निदान आपल्या हॉस्टेलपुरता तरी.

मराठीत या बाबतीत तीन छान शब्द आहेत. रुजू होणं, रुळणं आणि रुजणं. सरकारी नोकरीत माणूस 'रुजू' होतो. त्याला लागतो एक दिवस आणि एक सही. 'रुळायला' महिने लागतात. पायवाट जशी रोजच्या चालण्याने रुळते, तसं माणूस रुळतं. आणि 'रुजणं' म्हणजे मूळ धरणं, ते तर त्याच्याही पुढचं. आज ज्याला सगळे ऑनबोर्डिंग म्हणतात ते बहुतेक वेळा फक्त रुजू होणं असतं. फॉर्म, फोटो, सही, संपलं.

पण आपल्या मराठी शब्दांतही एक गोची आहे बरं का. नवीन सुनेला चार दिवसांनी सगळे विचारतात, "काय, रुळलीस का?" प्रश्न तिला. सासरच्यांना कुणी विचारत नाही, "काय, सामावून घेतलंत का?" रुळण्याची जबाबदारी तिची एकटीची! आपल्याकडे नव्या माणसाच्या स्वागताच्या पद्धती काही कमी नाहीत. दारात आलेल्याला गूळ-पाणी, भाकरतुकडा ओवाळून टाकणं, औक्षण, उंबऱ्यावरचं माप ओलांडणं. पण त्याच लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने मुलीचं नवीन नावही लिहायची पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे. म्हणजे 'ये, हे घर तुझं' असं म्हणायचं, आणि त्याच दिवशी वीस-पंचवीस वर्षांचं नाव काढून घ्यायचं. स्वागत आणि सोलून काढणं एकाच मांडवात!

हे दोन प्रकार मला एकदम ओळखीचे का वाटले ते सांगते. जॉन व्हॅन मानेन आणि एडगर शाइन या दोन अभ्यासकांनी १९७९ साली एक मोठा निबंध लिहिला होता. एखादी संस्था नव्या माणसाला आपल्यात कशी घेते, हा त्याचा विषय. त्यांनी अशा पद्धतींच्या सहा जोड्या मांडल्या. सगळ्या सांगत बसले तर तुम्ही पान उलटाल, म्हणून दोनच सांगते.

पहिली जोडी अशी. काही संस्था नव्या माणसाला म्हणतात, तू जसा आहेस तसा ये, तुझ्याकडे जे आहे ते आम्हाला उपयोगी आहे. काही संस्था म्हणतात, आधीचं सगळं उतरवून ठेव, केस काप, नाव विसर, मग आम्ही तुला नवा घडवू. दुसरी जोडी अशी. काही ठिकाणी नव्या माणसाच्या आधी त्याच वाटेने गेलेला कुणीतरी जुना माणूस त्याच्या सोबत असतो. काही ठिकाणी असं कुणीच नसतं, नवा माणूस आणि समोर मोकळं रान.

या दोन जोड्या लक्षात ठेवा. आपल्याकडे येताना त्या लागणार आहेत.

त्याआधी 'बोर्डिंग' या शब्दाकडे वळू. कारण ऑनबोर्डिंग नवीन असलं तरी बोर्डिंग आपल्या महाराष्ट्राला चांगलं शंभर-सव्वाशे वर्षं माहीत आहे. आपल्या आजोबांच्या पिढीत हॉस्टेलला हॉस्टेल म्हणत नसत, 'बोर्डिंग' म्हणत. "पोरगा बोर्डिंगात राहून शिकला," असं अजूनही गावाकडे ऐकू येतं. यातला बोर्ड जहाजाचा नाही. इंग्रजीत फळीवरून टेबल आणि टेबलावरून जेवण असाही या शब्दाचा प्रवास झाला. एस.टी. स्टँडजवळच्या जुन्या हॉटेलांवर 'बोर्डिंग अँड लॉजिंग' लिहिलेलं असायचं, त्यात बोर्डिंग म्हणजे जेवण आणि लॉजिंग म्हणजे राहणं. थोडक्यात काय, तर एका बोर्डवर माणूस चढतो आणि दुसऱ्या बोर्डवर तो जेवतो.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. शाळा तर आधीही होत्या. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शाळेत नाव घालून मिळालं तरी रात्री झोपायचं कुठे आणि खायचं काय, हा प्रश्न उरायचाच. महाराजांना हे नेमकं कळलं होतं की नुसत्या अ‍ॅडमिशनने मूल शिकत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्याच बोर्डिंगमध्ये राहून गेलेले. त्यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. इथे सगळ्या जातींची मुलं एकाच छताखाली राहायची, एकत्र जेवायची आणि कामंही एकत्र करायची. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी पैसे कमी पडले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेली असेल. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ती कुणी सांगितली नव्हती, मला ती इथे हॉस्टेलवर समजली. आणि पहिल्यांदा ऐकली तेव्हा मनात आलं, बाईंनी मुलांना काही वेलकम किट दिलं नव्हतं. त्यांनी आधी ताट दिलं. कर्ता कोण, हा प्रश्न तिथे कुणाला पडला नसेल!

आता परत आजच्या काळात येऊ. आपल्या फायनल इयरच्या ताया-दादांना ऑनबोर्डिंग म्हणजे फक्त तारीख का वाटते, यालाही कारण आहे. इन्फोसिसने २०२२ साली ऑफर दिलेल्या सुमारे दोन हजार फ्रेशर्सना दोन वर्षं उलटली तरी जॉइनिंग मिळालं नसल्याची तक्रार पुण्याच्या 'नाइट्स' या आय.टी. कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. दिलेली प्रत्येक ऑफर पाळली जाईल असं कंपनीने सांगितलं आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये मुलं रुजूही झाली. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच कंपनीच्या म्हैसूर कॅम्पसमधल्या तीनशेहून अधिक ट्रेनींना कमी केल्याची बातमी आली. अंतर्गत परीक्षा पास व्हायला त्यांना तीन संधी दिल्या होत्या, असं कंपनीचं म्हणणं होतं.

यात चूक कुणाची यावर कॅन्टीनमध्ये तासन् तास वाद होऊ शकतो आणि होतोही. मला त्यात पडायचं नाही. पण ज्या मुलाने दोन वर्षं घरी बसून नातेवाइकांच्या "अजून बोलावलं नाही का?" या प्रश्नाला उत्तरं दिली, त्याला ऑनबोर्डिंगचा अर्थ 'प्रेमाने सामावून घेणे' असा कसा सांगणार? त्याच्यासाठी तो शब्द म्हणजे धक्क्यावर उभं राहून जहाजाची वाट बघणं. अर्थ डिक्शनरीत एक असतो आणि भोगणाऱ्याच्या मनात दुसरा. भोगणाऱ्याचा खरा धरावा, असं मला वाटतं.

कंपन्यांचं आपण फार काही करू शकत नाही. पण हे कॉलेज आणि हे हॉस्टेलही एक जहाजच आहे, आणि इथे दरवर्षी शे-दोनशे नवे लोक चढतात. त्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे इंडक्शन होतं की! बरोबर आहे. ए.आय.सी.टी.ई.ने पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन प्रोग्रॅम आखून दिलाय. त्यात व्यायाम, कला, मूल्यशिक्षण, पाहुण्यांची भाषणं, परिसर दाखवणं, डिपार्टमेंटची ओळख असं सगळं आहे. कागदावर तो खरंच चांगला आहे. आपल्याकडेही तो चांगला होतो, हे आमच्या बॅचच्या अनुभवावरून सांगते. पण तो होतो एका ठरलेल्या तारखेला. आणि मुलं काही ठरलेल्या तारखेला येत नाहीत.

कॅपचा पहिला राउंड, दुसरा राउंड, मग पुढचा, मग कॉलेज लेव्हलचा. शेवटच्या राउंडचा मुलगा येतो तेव्हा पहिल्या राउंडवाल्यांच्या जोड्या, ग्रुप आणि मेसमधली टेबलंसुद्धा ठरलेली असतात. त्याहून वाईट अवस्था डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला येणाऱ्यांची. त्यांचं कॅप वेगळं, ते संपता संपता इकडे सेकंड इयरची लेक्चर्स कधीच सुरू झालेली असतात. आणि इंडक्शन तर फर्स्ट इयरचं असतं! म्हणजे यांच्यासाठी ते कागदावरही नाही. व्हॅन मानेन आणि शाइन यांची दुसरी जोडी आठवा. नवा माणूस, समोर मोकळं रान आणि सोबत कुणी नाही. फरक इतकाच की हे रान माणसांनी गच्च भरलेलं असतं.

माझी रूममेट उदगीरची. अशीच डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आली. ती आली तेव्हा आमची पहिली युनिट टेस्ट आठ दिवसांवर होती. रात्रभर एस.टी.चा प्रवास करून ती आणि तिचे वडील सकाळी पोचले. टीसी, डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, डिप्लोमाच्या सगळ्या मार्कशीटा, प्रत्येकाच्या तीन तीन झेरॉक्स. दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत फिरून संध्याकाळी तिचं अ‍ॅडमिशन पक्कं झालं. म्हणजे ती रुजू झाली. तिच्या फाइलमध्ये एकही कागद कमी नव्हता, पण मेस रविवारी रात्री बंद असते, गरम पाणी साडेसातनंतर येत नाही, आपली बॅच सी-टू आहे आणि प्रॅक्टिकलला जर्नल नसेल तर आत घेत नाहीत, हे त्या फाइलमधल्या कुठल्याच कागदावर नव्हतं.

मुलींच्या हॉस्टेलमध्ये वडिलांना वर येता येत नाही. ते खाली बाकावर बसले होते. निघताना मला म्हणाले, "माय, जरा लक्ष असू द्या हिच्यावर."

लक्ष असू द्या! ऑनबोर्डिंगला यापेक्षा चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. त्यात कर्ताही हजर आहे. ज्याला सांगितलं तो.

पुढचं सेमिस्टर मी जवळून बघितलं. एम-थ्रीच्या पहिल्याच लेक्चरला लाप्लास सुरू. आमचं एम-वन, एम-टू झालेलं, त्यामुळे इंटिग्रेशन हाताखालचं. तिचं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्षच झालेलं नाही आणि लेक्चर ते झालंय असं समजून पुढे चाललेलं. सरांचाही दोष नाही, साठ मुलांच्या वर्गात कोण डिप्लोमाचं हे काही कपाळावर लिहिलेलं नसतं. त्यात सगळं इंग्रजीत. वर्गात शंका विचारायची तर आधी वाक्य जुळवायचं, ते जुळेपर्यंत फळा पुसलेला. मेसमध्ये चार मुली इंग्रजी-हिंदीत गप्पा मारायला लागल्या की ती पटकन जेवून उठायची.

पण गंमत पुढे आहे. वर्कशॉपला आम्ही लेथसमोर उभं राहून नुसता वास घेत असू. तिने तीन वर्षं डिप्लोमाला हेच केलेलं, शिवाय एका कारखान्यात ट्रेनिंगही झालेलं. थ्रेड कटिंग कसं करायचं ते तिने आमच्या अख्ख्या बॅचला दाखवलं. मशीन ड्रॉइंगच्या शीटा तर काय विचारता! काचेखाली दिवा लावून जी.टी. मारणाऱ्या विंगमध्ये तिने मुलींना चक्क स्वतः शीट काढायला शिकवलं. (जी.टी. म्हणजे काय हे स्टाफने विचारू नये, विद्यार्थ्यांना सांगायची गरज नाही!) इथे पहिली जोडी आठवा. तू जे घेऊन आलीस ते आम्हाला उपयोगी आहे, असं म्हणणारी संस्था. असं म्हणायला आम्हाला काही खर्च आला नाही. फक्त ती कोण आहे हे कुणीतरी विचारायला हवं होतं. 'डिप्लोमावाले' हा एक शब्द वापरला की विचारायची गरजच संपते.

आता एका नाजूक विषयाकडे येते. काही सीनियर्सचं म्हणणं असतं की ज्युनियर्सशी जो 'इंट्रो' घेतला जातो तेच खरं ऑनबोर्डिंग. "त्याशिवाय ओळखी होत नाहीत, पुढे नोट्स कोण देणार?" हा युक्तिवाद पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. पण मान खाली घाल, तिसऱ्या बटणाकडे बघ, हे तुझं नवीन नाव, हे सगळं त्या जोडीतल्या दुसऱ्या प्रकारातलं. आधीचं उतरवून ठेव! आणि कायद्यात त्याला ऑनबोर्डिंग म्हणत नाहीत, रॅगिंग म्हणतात. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. यू.जी.सी.चे नियम २००९ चे. ओळख करून घ्यायला समोरच्याला लहान करावं लागत असेल, तर तुम्हाला ओळख नको आहे, दुसरंच काहीतरी हवं आहे.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. रॅगिंगच्या भीतीने अनेक चांगले सीनियर्स आता ज्युनियर्सशी बोलतच नाहीत. "कशाला झंझट? उद्या तक्रार केली तर?" असं म्हणून दार लावून घेतात. यू.जी.सी.च्या त्याच नियमांत पहिल्या वर्षाच्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा असं आहे, तसंच सीनियर्स आणि फ्रेशर्सचे एकत्र कार्यक्रम घ्या, नव्या मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एकेका शिक्षकाकडे सोपवा, असंही आहे. आपण पहिला भाग मनापासून पाळला आणि दुसरा नोटीस बोर्डावर लावला. त्रास देणं थांबलं हे फारच चांगलं झालं. पण त्रास न देणं म्हणजे स्वागत नव्हे.

मग करायचं काय? नुसती टीका करून पळ काढायचा नाही, असं आमच्या संपादक मंडळाने बजावलंय. म्हणून चार गोष्टी सुचवते.

एक. इंडक्शन एकदाच न घेता, डिप्लोमाचे आणि शेवटच्या राउंडचे विद्यार्थी आल्यानंतरच्या शनिवारी त्याचा एक दिवसाचा छोटा भाग पुन्हा घ्यावा. पाहुण्यांचं भाषण नसलं तरी चालेल. लायब्ररी, वर्कशॉप, स्टुडंट सेक्शन, डिस्पेन्सरी आणि आपापल्या जी.एफ.एम. सरांची केबिन दाखवली तरी पुष्कळ झालं. आणि तो मराठीत आणि हिंदीतही असावा.

दोन. उशिरा आलेल्या प्रत्येकाला त्याच्याच ब्रँचचा एक विद्यार्थी नेमून द्यावा, शक्यतो आधी डिप्लोमाच्याच वाटेने आलेला. त्याचं नाव जी.एफ.एम. सरांकडे लिहिलेलं असावं, म्हणजे सीनियरलाही भीती नको आणि ज्युनियरलाही. मुदत पहिल्या दिवसाची नको, पहिल्या सहा आठवड्यांची हवी. पहिल्या दिवशी सगळेच हसून बोलतात. खरी गरज तिसऱ्या आठवड्यात लागते, जेव्हा टेस्टचे मार्क लागतात आणि घरी फोन करावासा वाटत नाही.

तीन. एम-थ्रीच्या आधी लागणारं एम-वन, एम-टूचं गणित संध्याकाळी हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये शिकवायला आपल्यातलेच चौघे-पाचजण तयार होऊ शकतात. माझं नाव आधी घाला. बदल्यात शीट काढायला शिकवणारे मिळणार असतील तर सौदा फायद्याचाच आहे.

चार, आणि ही सगळ्यात स्वस्त. मेसमध्ये एकट्याने जेवणारा नवा चेहरा दिसला तर आपलं ताट उचलून त्याच्या टेबलावर जावं. बोर्ड म्हणजे टेबल, हे वर सांगितलंच आहे.

यावर ठरलेला प्रश्न येणार, "आमच्या वेळी आमचं कुणी केलं होतं? आम्ही रुळलोच ना?" रुळलात, मान्य. पण जे रुळले तेच आज हा प्रश्न विचारायला इथे आहेत. जे रुळले नाहीत, सामान बांधून परत गेले किंवा चार वर्षं खोलीत दार लावून राहिले, त्यांचं मत कोण विचारणार? आणि "मी पडत-झडत शिकलो म्हणून त्यानेही पडावं" हे तर इंजिनिअरिंगच्या मूळ विचाराविरुद्ध आहे. आधीच्याला जिथे ठेच लागली तो दगड काढून ठेवायचा, यासाठीच तर आपण डिझाइन शिकतो ना?

स्टाफमधले आपले सर आणि मॅडम हे पान वाचतात, म्हणून त्यांनाही एक विनंती. सेमिस्टरच्या शेवटी फीडबॅक फॉर्ममध्ये नव्या मुलांना "तुम्ही इथे रुळलात का?" असं विचारलं जातं. त्यांना तो जरूर विचारा. पण तोच फॉर्म आम्हा जुन्यांनाही द्या आणि त्यात प्रश्न ठेवा, "तुम्ही यंदा कुणाला रुळायला मदत केली? नाव लिहा." रकाना रिकामा सोडताना पेन नक्की अडखळेल.

आणखी काही महिन्यांनी आमचीही बॅच त्या मेलची वाट बघत बसेल. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी काचेच्या इमारतीत आपण नवखे असू, गळ्यात नवं कार्ड असेल आणि कॅन्टीन कुठे आहे हे विचारायची लाज वाटत असेल. तेव्हा तिथल्या कुणाचं तरी आपल्यावर लक्ष असावं असं वाटणारच. ते असेल की नाही, हे आपल्या हातात नाही. यंदाच्या शेवटच्या राउंडची मुलं मात्र आपल्याच हॉस्टेलवर येणार आहेत, हातात बादली, खांद्यावर गादीची वळकटी आणि झेरॉक्सची फाइल घेऊन. यावेळी कर्ता हजर ठेवूया का?